पेपर वाचणारं सॉफ्टवेअर, मेंदूचे आजार आणि आपली लाखोळी

त्रिमूर्तीनगरकर
शुक्रवार, रात्री ११:५२

राम राम मंडळी. गेले आठ महिने ऑफिस सुटल्यावर एक उद्योग चाललाय, त्यावर आज लिहायला बसलोय. बायको त्याला माझी रात्रपाळी म्हणते. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्राशी संबंध बारावीला सुटला. पोटासाठी विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं सांभाळतो. तेव्हा चुकलं तिथे कान धरा.

सुरुवात एका वर्गमित्रापासून झाली. तो न्यूरॉलॉजिस्ट, धंतोलीत बसतो. एकदा म्हणाला, "अल्झायमरच्या बायोमार्करवर इतके पेपर येतात की नुसते मथळे वाचायचे म्हटले तरी ओपीडी बंद ठेवावी लागेल." बायोमार्कर म्हणजे माझ्यासारख्यांच्या भाषेत आजाराची मोजता येणारी खूण. मधुमेहाला जशी रक्तातली साखर, तशी विस्मरणाला काय, कंपवाताला काय, फेफऱ्याला काय? मेंदूचा तुकडा काढून तपासता येत नाही, म्हणून ती खूण रक्तात, पाठीच्या पाण्यात, स्कॅनमध्ये शोधायची. आणि पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन यादीवर, आज साडेतीन कोटींच्या वर नोंदी आहेत. मी सहज बोलून गेलो, "मग वाचायला माणूस कशाला? प्रोग्राम लावू." त्या एका वाक्याची फळं भोगतोय.

कल्पना माझी नाही. शिकागो विद्यापीठात डॉन स्वॉन्सन नावाचे प्राध्यापक होते, शिक्षण भौतिकशास्त्राचं, काम ग्रंथालयशास्त्रातलं. त्यांनी १९८६ साली हे करून दाखवलं. रेनॉड नावाचा आजार आहे, थंडीत बोटं पांढरीनिळी पडतात. त्यावरच्या पेपरांत होतं की या रुग्णांचं रक्त घट्ट असतं. माशाच्या तेलावरच्या पेपरांत होतं की त्यानं रक्ताचा घट्टपणा कमी होतो. ही दोन्ही मंडळी एकमेकांचे पेपर वाचतच नव्हती. स्वॉन्सननी मधला दुवा जोडला, तोही लॅबमध्ये पाऊल न टाकता. १९८८ मध्ये मायग्रेन आणि मॅग्नेशियम यांच्यामधले ११ दुर्लक्षित दुवे काढले. आपल्याकडे लग्नं जुळवणारे मध्यस्थ असतात ना, मुलीकडच्यांना मुलाची खबर नाही, मुलाकडच्यांना मुलीची नाही, पण मध्यस्थाच्या वहीत दोघांचीही टिपणं. तसं.

मग काय, पबमेडवरून पेपरांचे सारांश उतरवून घेणारा प्रोग्राम लिहिला. (पबमेडनं दिलेली ओळख-चावी नसेल तर सेकंदाला ३ विनंत्या, असेल तर १०. मी पहिल्याच रात्री अधाशीपणा केला आणि त्यांनी दार लावून घेतलं.) वाक्यातली जीन, प्रथिनं आणि आजार यांची नावं ओळखायला वैद्यकीय मजकुरावर शिकवलेल्या बायोबर्टच्या घराण्यातलं एक मॉडेल लावलं. एकाच वाक्यात आजार आणि प्रथिन आलं की त्या जोडीला एक गुण. मे महिना, बाहेर ४५, आत कूलरसमोर माणसाच्या जागी लॅपटॉप.

सकाळी यादी घेऊन मित्राकडे. पहिली तीन नावं अमायलॉइड, टाऊ (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारी दोन प्रथिनं) आणि एपीओई (त्याच्या धोक्याशी जोडलेला जीन). तो हसला, "हे मला एमबीबीएसला शिकवलंय." खाली टीएनएफ आणि आयएल-६. "हे सुजेचे मार्कर. लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत घुसलेला एक काका असतो ना, तो हा. अल्झायमरमध्ये आहे, संधिवातात आहे, हिरड्यांच्या आजारातही आहे. याच्यावरून तू काय ओळखणार?"

मग मी यादीच्या खालच्या भागात शिरलो आणि खरी करमणूक सुरू झाली. 'रेस्ट' नावाचा एक जीन आहे. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ विश्रांती. रुग्णाला निवांत झोपवून स्कॅन केलं, असं जिथे जिथे लिहिलंय तिथे तिथे माझ्या मशीनला जीन सापडला. बरं, यादीतून काढून टाकावा तर तेही जमत नाही, कारण २०१४ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात आलं की हाच जीन म्हाताऱ्या मेंदूच्या पेशींना सांभाळतो आणि अल्झायमरमध्ये तो कमी पडतो. 'कॅट' म्हणजे कॅटलेज एन्झाइमचा जीन, आणि मांजरही. एक्सेलनं तर कहर केला होता. सेप्टिन घराण्यातल्या जीनांची छोटी नावं सप्टेंबरसारखी दिसतात म्हणून ते त्यांच्या तारखा करून टाकायचं. २०१६ च्या एका पाहणीत जीनांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये जीनांची नावं बदलली. एक्सेलला कोण बोलणार!

आणि 'नाही' हा शब्द. "अमुक प्रथिनाचा या आजाराशी संबंध आढळला नाही." माझं मशीन म्हणतं, घ्या एक गुण.

कंटाळून बंद करणार होतो. पण आजोळ भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचं. तिथे बांधीत धान उभं असतानाच लाखोळी, म्हणजे एक कडधान्य, फेकतात. आजोबांचा एक सालगडी काठी टेकत, पायांची कैची करून चवड्यांवर चालायचा आणि आम्ही पोट्टे त्याची नक्कल करायचो. आता आठवलं की मान खाली जाते. दुष्काळात महिनोन्महिने मुख्यतः लाखोळीच पोटात गेली की पाय असे आखडतात, त्याला लॅथिरिझम म्हणतात. त्यातलं विष, बीटा-ओडॅप, १९६४ मध्ये ओळखलं गेलं. विक्रीवर बहुतेक राज्यांत १९६१ पासून बंदी आली होती. पण पाय आखडण्याआधी रक्तातून किंवा लघवीतून सावध करणारी रोजच्या वापरातली तपासणी नाही. डॉक्टर चाल पाहतात, खाणं विचारतात आणि ठरवतात.

म्हणून मशीनला लाखोळीच्या कामाला लावलं, स्वॉन्सन पद्धतीनं. तीन आठवड्यांपूर्वी रात्री दीडला स्क्रीनवर उमटलं: लॅथिरिझम, मेथिओनिन, कोन्झो. कोन्झो हा आफ्रिकेतला आजार. कडू कसावा नीट न भिजवता खाल्ला की त्यातल्या सायनाइडमुळे होतो, १९३८ मध्ये काँगोतून त्याची नोंद झाली. पाय अगदी तसेच. आणि दोन्हीकडच्या ताटात गंधक असलेली अमिनो आम्लं कमी, मेथिओनिन त्यातलंच. मी बायकोला उठवलं. ती म्हणाली, "नोबेल सकाळी घे."

तर जाणकारांनो, असल्या उद्योगातून कुणाच्या कामाचं काही निघतं का, की मी हौसेनं नुसतं मशीन तापवतोय?

---

इतवारीचा_पोट्टा
शनिवार, सकाळी ७:१०

भाऊ, अर्धं समजलं अन् अर्धं डोक्यावरून गेलं, पण त्या मांजरीवर लय हसलो. जागा पकडून ठेवतो, चहा झाला का येतो.

---

पुणेरी_शंका
शनिवार, सकाळी ९:३४

लेख रंजक आहे. पण लॅथिरिझम आणि कोन्झो ही जोडी नवी नाही. दोन्ही आजार एकत्र घेऊन लिहिलेले आढावे कितीतरी आहेत आणि गंधकाच्या अमिनो आम्लांचा मुद्दाही त्यांतच आहे. पबमेडच्या शोधखिडकीत हे दोन शब्द शेजारी टाकले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. स्वॉन्सनच्या पद्धतीची अटच मुळी ही की दोन्ही बाजूंची एकमेकांशी ओळख नसावी. ती तपासली होती का?

शिवाय स्वॉन्सनची गोष्ट सांगताना सगळे मासे आणि मॅग्नेशियमवर थांबतात. १९९६ मध्ये नील स्मॉलहायझर आणि स्वॉन्सन यांनी याच पद्धतीनं इस्ट्रोजेन हे स्त्रियांतलं संप्रेरक आणि अल्झायमर यांच्यामधले संभाव्य दुवे मांडले. कागदावर पटण्यासारखे. २००३ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला: ६५ च्या पुढच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिलं तर डिमेन्शियाचा धोका कमी होण्याऐवजी साधारण दुप्पट झाला. मशीननं दाखवलेला दुवा हा फार तर अर्ज असतो. मंजुरी चाचणीच्या खिडकीवर मिळते.

---

इतवारीचा_पोट्टा
शनिवार, सकाळी ९:५०

@पुणेरी_शंका, काहून बाप्पा एवढं? माणूस रात्री जागून काही करून राह्यला, त्याले आधी शाबास त म्हणा.

---

पुणेरी_शंका
शनिवार, सकाळी ९:५८

"लेख रंजक आहे" हीच आमच्याकडची शाबासकी.

---

त्रिमूर्तीनगरकर
शनिवार, सकाळी ११:१५

आत्ता टाकून पाहिलं. आहेत, आणि चांगले जाडजूड आढावे आहेत. नोबेल परत केलं.

गंमत अशी की "ही जोडी आधीच कुणी लावलीय का" ही तपासणी माझ्या प्रोग्राममध्ये होती. पण लॅथिरिझम, न्यूरोलॅथिरिझम, लॅथिरस विषबाधा हे त्याला तीन वेगळे आजार वाटले. एकाची कोन्झोशी ओळख होती, दुसऱ्याची नव्हती, आणि मी त्या दुसऱ्याचं लग्न लावायला निघालो होतो.

---

मेंदूचा_हमाल
शनिवार, दुपारी ३:२०

ओपीडी आत्ता संपली. आज छिंदवाड्यापासून गडचिरोलीपर्यंतचे पेशंट होते. धागाकर्ते, तुमचा तो वर्गमित्र मी नव्हे, पण दुखणं तेच.

तुम्ही खूण म्हणजे फक्त आजार ओळखायची खूण असं धरलंय. आमच्याकडे खुणांची कामं वेगवेगळी. कुणाला होईल, झालाय का, पुढे कसा जाईल, औषध लागू पडतंय का, औषध बाधेल का. कार्बामाझेपिन हे फिटचं चांगलं आणि स्वस्त औषध. पण एचएलए-बी*१५:०२ हा जनुकीय प्रकार अंगात असेल तर कातडी सोलून निघण्याइतकी भयंकर रिअ‍ॅक्शन येऊ शकते. हे तैवानमधून २००४ मध्ये आलं. ही खूण फिटचं निदान करत नाही, गोळीचा धोका सांगते. तुमचं मशीन "एचएलए-बी, एपिलेप्सी, एक गुण" म्हणून मोकळं होणार. गुण कशाचा दिला ते त्याला विचारा.

दुसरं म्हणजे खूण रेणूचीच असते असं नाही. सिकलसेलची मुलं आपल्या विदर्भात किती आहेत ते सांगायला नको. त्यांना कोवळ्या वयात लकवा मारू शकतो. तो आधी ओळखायचा तर डोक्याला डॉपलर लावून मेंदूच्या धमनीतला रक्ताचा वेग मोजतात. सेकंदाला २०० सेंटिमीटरला पोचला की धोका. १९९८ च्या अमेरिकेतल्या चाचणीत अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर लकव्याचा धोका ९० टक्क्यांहून जास्त घटला. मेंदूच्या आजारातल्या सगळ्यात कामाच्या खुणांपैकी ही एक, आणि जीन-प्रथिनांच्या तुमच्या जाळ्यात हा मासा येणारच नाही.

रेणूंमधलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एनएमओचं. डोळ्यांची नस आणि मणका धरणारा हा आजार कितीतरी वर्षं मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या दुसऱ्याच आजाराच्या खात्यात जायचा. २००४ मध्ये त्याची अँटिबॉडी सापडली, पुढच्या वर्षी ती अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर बसते हे कळलं. आज रक्त पाठवतो, उत्तर आलं की उपचार बदलतो, कारण एमएसची काही औषधं या पेशंटना उलट बाधतात. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, २०२३ साली पाठीच्या पाण्यातल्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या तपासणीचा मोठा अभ्यास आला, ११२३ सहभागी, पार्किन्सनच्या ८७.७ टक्के रुग्णांत ती पॉझिटिव्ह. पण त्याच आजाराचा वास एका स्कॉटिश नर्सला आपल्या नवऱ्याच्या अंगाला निदानाच्या कितीतरी वर्षं आधी आला होता, जॉय मिल्न त्यांचं नाव. त्यावरून संशोधक पाठीवरच्या त्वचेच्या तेलकट स्रावाकडे वळले. ती माहिती कुठल्या पेपरात होती? कुठल्याच नाही.

आणि एक टोचणी. तुमच्या यादीत काय वर येतं हे कुठल्या आजारावर पैसा आहे यावरून ठरतं. इथे टीबीच्या मेंदूज्वरानं पोरं जातात. त्याच्या निदानासाठी पाठीच्या पाण्यातलं एडीए नावाचं एन्झाइम, टीबीच्या जंतूची प्रथिनं यांवर आपल्या बजाजनगरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधून वर्षानुवर्षं पेपर आलेत. मोजणीत ते अल्झायमरच्या पुरात वाहून जातील.

---

निवृत्त_लॅबवाले
शनिवार, सायंकाळी ६:०५

नमस्कार. मी ३१ वर्षं एका सरकारी इस्पितळाच्या बायोकेमिस्ट्रीत टेक्निशियन होतो, आता नातवंडं सांभाळतो. संगणकातलं कळत नाही, नळीतलं कळतं.

बीडीएनएफ नावाचं प्रथिन बघा. नैराश्य, स्किझोफ्रेनिया, अल्झायमर, सगळीकडे "कमी आढळलं" म्हणून येतं. पण रक्तात ते असतं कुठे? बहुतेक सगळं प्लेटलेटमध्ये. रक्त गोठलं की प्लेटलेट ते सोडतात. म्हणून सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) भरपूर आणि प्लाझ्मात (रक्त गोठू न देता वेगळं काढलेलं पाणी) थोडंसं. नळी टेबलावर किती वेळ राहिली, कोण चहाला गेला होता, त्यावर आकडा हलतो. एक पेपर सीरमचा, दुसरा प्लाझ्माचा, तुमच्या यंत्रानं दोघांनाही सारखाच गुण दिला असणार.

पाठीच्या पाण्यातलं अमायलॉइड तर नळीच्या भिंतीलाच चिकटतं. पॉलिस्टायरीनच्या नळीला जास्त, पॉलिप्रॉपिलीनला कमी. चुकीच्या नळीत घेतलं की ते कमी भरतं, आणि कमी भरलं म्हणजे अल्झायमरकडे बोट. म्हणजे नळीनं आजार दिला. हे सारांशात कुणी लिहीत नाही. आत "पद्धती"मध्ये बारीक अक्षरात असतं, आणि तिथेही नसलं तर देव जाणे.

(मोबाईलवर लिहितो, काना-मात्रा सांभाळून घ्या.)

---

इतवारीचा_पोट्टा
शनिवार, सायंकाळी ६:२२

काकांना दंडवत! "नळीनं आजार दिला" हे फ्रेम करून लावतो.

---

साकोलीची_सून
शनिवार, रात्री ९:४०

गावाचं नाव दिसलं म्हणून वाचत गेले. तुमच्यातलं निम्मं कळलं नाही, पण माझा प्रश्न घरातला आहे. सासूबाई ७१ च्या. दोन वर्षांपासून विसरतात. गॅस चालू ठेवतात, तीच गोष्ट चारदा सांगतात. मागच्या महिन्यात घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचा फोन आला, मेंदूच्या आरोग्याचं पॅकेज, दहा-बारा नावं, ऑफर आजपुरती. यादी काढून पाहिली तर तुमच्या अल्बममधले दोन्ही काका त्यात आहेत. करावं का?

---

मेंदूचा_हमाल
शनिवार, रात्री १०:१२

ताई, नको. ऑफर आजपुरती असलेली तपासणी उद्याही नको.

अल्झायमरची रक्ताची तपासणी आता खरंच आली आहे. पी-टाऊ २१७ (टाऊ प्रथिनाचा एक प्रकार) आणि अमायलॉइडचं गुणोत्तर मोजणाऱ्या एका चाचणीला अमेरिकेच्या एफडीएनं मे २०२५ मध्ये मान्यता दिली. पण तीही ५५ च्या पुढच्या, लक्षणं असलेल्या माणसांसाठी, आणि तज्ज्ञानं तपासून मग. फोनवरून विकायची ती वस्तू नाही. आईंना आधी प्रत्यक्ष दाखवा. बी१२ आणि थायरॉइड बघा. झोपेच्या, ऍलर्जीच्या, लघवीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत त्या पिशवीत भरून न्या. ऐकू नीट येतं का, मन उदास असतं का, हेही डॉक्टरांना सांगा.

---

विदा_विदुषी
रविवार, सकाळी ८:३०

हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणून बोलते. धागाकर्ते, तुमचं मॉडेल वाईट नाही, तुमची वही वाईट आहे. नावं ओळखली, पण एका वस्तूची सगळी नावं एका खात्यावर टाकली नाहीत. प्रत्येक जीनला, रसायनाला, आजाराला सार्वजनिक कोशांत क्रमांक असतात. नाव सोडा, क्रमांक मोजा. शंकाजींनी पकडलेली चूक जागच्या जागी मिटेल.

मग शंभर वाक्यं हाताने तपासा. कंटाळवाणं आहे, सगळे टाळतात, आणि टाळणारे सगळे फसतात. मशीननं दिलेल्या जोड्यांतल्या खऱ्या किती, आणि वाक्यात असूनही त्यानं सोडलेल्या किती, हे दोन आकडे वेगवेगळे ठेवा. 'नाही'वाली वाक्यं वेगळी काढायला २००१ पासून साधे नियम उपलब्ध आहेत, अगदी जुनाट, पण चालतात.

मागे घेतलेले पेपर गाळलेत का? २००६ मध्ये नेचरमध्ये अमायलॉइडच्या एका विशिष्ट प्रकारावर आलेला पेपर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, चित्रांत फेरफार झाल्यामुळे. तोवर दोन हजारांहून जास्त वेळा तो उद्धृत झाला होता. मूळ पेपर गाळणं सोपं, पबमेडवर तसा शिक्का असतो, आणि मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची यादी क्रॉसरेफ या संस्थेनं २०२३ पासून सगळ्यांना खुली केली आहे. त्याच्यावर विसंबून लिहिलेल्या वाक्यांचं काय करायचं, यावर आमच्या ऑफिसात अजून भांडणं होतात. माझं मत, त्यांचे गुण निम्मे करा. साहेबांचं मत, काहीच करू नका.

आणि कुणी सुचवायच्या आत सांगते, चॅटबॉटला "लॅथिरिझमचे बायोमार्कर सांग" असं विचारू नका. छान सांगतो. संदर्भही छान देतो. त्यातले काही अस्तित्वात नसतात.

अवांतर: आमच्या गटानं एकदा मेंदूज्वराच्या विषाणूंवर असंच केलं होतं. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात सापडला, नाव तिथलंच. मशीननं आम्हाला ओडिशातल्या चांदीपूरच्या क्षेपणास्त्र चाचण्यांचे लेख आणून दिले, आवडीनं.

---

इतवारीचा_पोट्टा
रविवार, सकाळी ९:०२

ताप आला का मिसाईल सोडा मंग.

---

त्रिमूर्तीनगरकर
पुढचा शनिवार, रात्री १२:३५

आठवडा क्रमांकात गेला. विदा_विदुषींचं ऐकलं. शंभर वाक्यं हाताने तपासली, बायकोनं पन्नास केली (ती शिक्षिका आहे, पेपर तपासायची सवय, माझ्यापेक्षा कडक निघाली). माझ्या "शोधां"पैकी निम्मे तिथेच गळले. लॅबवाल्या काकांसाठी एक रकाना वाढवला, सीरम की प्लाझ्मा. बहुतेक ठिकाणी रिकामाच राहतो, कारण मी फक्त सारांश वाचतोय. ज्यांचा पूर्ण मजकूर खुला आहे त्यांचा 'पद्धती' भाग आता वेगळा उतरवतोय.

पण सांगायचंय ते वेगळंच. लाखोळीच्या विषाला क्रमांक दिला आणि त्या एका क्रमांकाखाली तीन नावं आली. बीटा-ओडॅप, बीओएए आणि डेन्सिचिन. पहिली दोन माहीत होती. हे तिसरं कोण म्हणून पाहिलं, तर चीनमध्ये सान्ची नावाची जिनसेंगच्या कुळातली वनस्पती आहे, रक्तस्राव थांबवायला वापरतात. त्यातलं रक्त थांबवणारं द्रव्य म्हणजे डेन्सिचिन, आणि ते म्हणजे आपलंच बीटा-ओडॅप. एकच रेणू, इकडे पाय आखडणारं विष, तिकडे औषधातला गुण. रात्री बायकोला उठवलं नाही, शहाणा झालोय. आधी शोधखिडकीत सगळी नावं शेजारी टाकली.

---

पुणेरी_शंका
रविवार, सकाळी ९:२०

मीही टाकली. लाखोळीवाल्यांच्या काही आढाव्यांत डेन्सिचिनचा उल्लेख आहे, तेव्हा अगदी अनोळखी नाहीत. पण येणंजाणं कमी दिसतं. लेख खूप रंजक आहे.

---

इतवारीचा_पोट्टा
रविवार, सकाळी ९:२६

"खूप" आलं! भाऊ, पेढे वाटा.

---

मेंदूचा_हमाल
रविवार, दुपारी १२:४०

आता मलाही मजा येतेय. डेन्सिचिनवाल्यांनी ते औषध म्हणून पाहिलं, म्हणजे प्राण्यांना देऊन रक्तात किती येतं, किती वेळ टिकतं, हे मोजायच्या पद्धती त्यांनी बसवल्या असणार. लाखोळी खाणाऱ्या माणसाच्या रक्ता-लघवीत ते मोजायचं तर तीच पद्धत हाताशी आहे. त्यावर शोध लावा.

फक्त हुरळू नका. त्यानं माणसानं लाखोळी खाल्ली हे कळेल, त्याला बाधली हे नाही. कोन्झोतही तसंच, लघवीतलं थायोसायनेट सायनाइड पोटात गेलं एवढंच सांगतं. लाखोळी खाणाऱ्या सगळ्यांचे पाय आखडत नाहीत. ज्याचे आखडणार त्याच्यात काय वेगळं आहे, ती खूण अजून कुणाच्या वहीत नाही.

---

त्रिमूर्तीनगरकर
रविवार, दुपारी १:३०

लावला. उंदरांच्या प्लाझ्मात डेन्सिचिन मोजल्याचे पेपर आहेत. (काका, प्लाझ्मा! रकाना भरला.)

---

निवृत्त_लॅबवाले
रविवार, दुपारी २:१०

नळी कुठली ते बघा.

---

साकोलीची_सून
रविवार, रात्री ८:४५

डॉक्टरसाहेब, दाखवून आलो. बी१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं चालू केलीत. तेवढ्यानंच सगळं असेल असं नाही म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

लाखोळीचं विचारलं सासूबाईंना. आजचं जेवण आठवत नाही, पण हे पक्कं आठवलं. म्हणाल्या, डाळ रात्रभर भिजवायची, पाणी फेकायचं, शिजवतानाचं पहिलं पाणीही फेकायचं. दुष्काळात लोक तेवढंही पाणी आणि सरपण कुठून आणणार. हे तुमच्या मशीनमध्ये टाकता येत असेल तर टाका.

---

विदा_विदुषी
रविवार, रात्री ९:१५

भिजवून पाणी फेकल्यानं विष कमी होतं यावर पेपर आहेतच, सासूबाई आधी पोचल्यात एवढंच. धागाकर्ते, वनस्पतीची देशी नावंही एका खात्यावर टाका. भारतीय पेपरांत लोक शास्त्रीय नाव सोडून खेसारी, तिवडा असंच लिहितात. आणि वाणांची नावं विसरू नका, कमी विषाची 'रतन' आणि 'प्रतीक' आहेत. नाहीतर मशीन त्यांना पेपरचे लेखक समजेल.

---

साकोलीची_सून
रविवार, रात्री ९:२८

आमच्याकडे लाखोळी, लाखोरी. घाईत नुसतं लाख.

---

त्रिमूर्तीनगरकर
सोमवार, रात्री १२:०५

सगळी टाकली. खेसारी, तिवडा, लाखोळी, लाखोरी, लाख. तासाभरात लॅथिरिझमच्या वाक्यांचा ढीग छताला लागला. आनंदानं वाचायला घेतलं. पहिलं वाक्य फेफऱ्याचं, "प्रति लाख लोकसंख्येमागे अमुक रुग्ण". दुसरं लकव्याचं, प्रति लाख. तिसरं कंपवाताचं, प्रति लाख. भारतातला मेंदूचा प्रत्येक आजार माझ्या मशीननं लाखोळीच्या डाळीला बांधलाय.

झोपतो. उद्या 'लाख' काढतो.